अर्थशास्त्र्याचा मिस्कीलपणा

अर्थशास्त्राला ‘उदास शास्त्र’ हे नाव कार्लाइलने १८४९ साली दिले आणि बहुतेक अर्थशास्त्र्यांनी ते आपल्या लेखनाने आजवर इमानेइतबारे सांभाळले आहे. आकडे, आलेख आणि ‘इतर सर्व गोष्टी समान असता’ हे पालुपद यांच्या तटबंदीतून आत शिरण्याची सामान्य वाचकाची छाती होत नाही. या मंडळींत जॉन केनेथ गालब्रेथ (१९०८–२००६) हे ठळक अपवाद. सहा फूट आठ इंच उंचीचे हे हार्वर्डचे प्राध्यापक १९६१ ते १९६३ या काळात अमेरिकेचे राजदूत म्हणून दिल्लीस होते. त्यामुळे आपल्याकडील जुन्या वाचकांना त्यांचे नाव परके नाही. त्यांनी हसतखेळत जे लिहिले, त्याचा येथे विचार करावयाचा आहे. प्रश्न एवढाच की, हा मिस्कीलपणा म्हणजे पंडिताची फावल्या वेळची करमणूक, की त्यांच्या विचाराचेच ते एक अंग?

उत्तर शोधायचे तर आरंभ ‘दि स्कॉच’ (१९६४) या छोट्या पुस्तकापासून करावा. गालब्रेथ जन्माने कॅनडाचे. ईरी सरोवराच्या उत्तर काठावर स्कॉटलंडहून येऊन स्थायिक झालेल्या शेतकऱ्यांच्या वस्तीत ते वाढले. त्या वस्तीची ही हकीकत आहे. तेथे पैसा मिळवायचा तो राखण्यासाठी. त्याने काही विकत घ्यावे हा विचार दुय्यम! शाळा, देऊळ, गुत्ता, गावचे राजकारण यांवर लेखक असा हळुवार बोट ठेवतो की, चिमटा बसतो पण वळ उठत नाही. त्यांचे वडील लिबरल पक्षाचे. एकदा जमलेल्या गर्दीपुढे भाषण करायला उंच जागा हवी, म्हणून ते शेणखताच्या ढिगावर चढले आणि टोरी पक्षाच्या व्यासपीठावरून बोलावे लागत असल्याबद्दल त्यांनी श्रोत्यांची मनापासून क्षमा मागितली! मुलाने पुढे हार्वर्डमध्ये जे शस्त्र वापरले ते कोठे घडले, हे यावरून कळावे.

हे शस्त्र फार दूरवर लागते. ‘दि ग्रेट क्रॅश, १९२९’ हे त्यांचे पुस्तक १९५५ साली निघाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात सीनेटच्या एका समितीपुढे त्यांची साक्ष झाली आणि ती चालू असतानाच शेअरबाजार घसरला. लोकांनी त्यांना शिव्याशापांची पत्रे पाठविली. कोणी त्यांचे वाईट व्हावे म्हणून प्रार्थनाही केली. पुढे थोड्याच दिवसांत बर्फावर घसरण्याच्या खेळात त्यांचा पाय मोडला, तेव्हा देवाने आपले गाऱ्हाणे ऐकले, असे कळविणारी पत्रे आली! हा किस्सा सांगताना त्यांनी सटोडियांच्या मनाचा गाभाच उघडा केला आहे. भाव चढत असतात तोवर माणसाला आपण शहाणे आहोत असे वाटते. उतरले की कोणी तरी दुष्ट शोधावा लागतो. एरवी ज्याला एक प्रकरण लागले असते, ते येथे एका मोडक्या पायाने साधले.

‘दि अफ्लुएंट सोसायटी’ (१९५८) हे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक. त्यातले एक चित्र मात्र वाचकाच्या मनातून जात नाही. वातानुकूलित मोटारीतून एक कुटुंब सहलीला निघते. खाचखळग्यांचे रस्ते, कचरा, पडकी घरे आणि जाहिरातींच्या फळ्यांआड लपलेला निसर्ग पाहत ते एका घाण ओढ्याकाठी पोचते आणि सुबक वेष्टनांतले खाणे खाते. खाजगी श्रीमंती आणि सार्वजनिक दैन्य यांचे हे चित्र अमेरिकेचे आहे. पण दिवाळीत घराचा कानाकोपरा झाडून, दारात रांगोळी काढून तोच कचरा गल्लीच्या कोपऱ्यावर टाकून येणाऱ्या आपणांस ते ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही. सोयीची म्हणून सर्वांनी खरी मानलेली समजूत गालब्रेथना नेमकी हेरता येते. अशी समजूत युक्तिवादाने हलत नाही, कारण ती युक्तिवादाने बसलेलीच नसते. तिला हसू आले की मात्र ती डळमळते. म्हणून त्यांचा विनोद हा वरून लावलेला मुलामा नव्हे. ती त्यांची विचार करण्याची रीतच आहे.

परंतु या रीतीला मर्यादा आहेत आणि त्या सांगणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. पहिली अशी की, वाचक हसला की पुराव्याचे काम झाले असे लेखकालाही वाटू लागते. अमेरिकेतले दारिद्र्य आता सार्वत्रिक उरले नसून तुरळक बेटांपुरते राहिले आहे, असे त्यांनी १९५८ साली सुचविले. १९६२ साली मायकेल हॅरिंग्टन यांच्या ‘दि अदर अमेरिका’ने ते बेट केवढे मोठे आहे ते दाखविले. ‘दि न्यू इंडस्ट्रियल स्टेट’ (१९६७) या ग्रंथात प्रचंड कंपन्या बाजारालाच आपल्या मुठीत ठेवतात, असा सिद्धांत आहे; पुढच्या वीस वर्षांत जपानी मोटारींनी अमेरिकी कारखानदारांची जी दैना केली, ती या सिद्धांतात बसत नाही. रॉबर्ट सोलो आणि मिल्टन फ्रीडमन यांनी त्यांच्यावर घेतलेले आक्षेप केवळ मत्सराचे नव्हते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ‘अँबॅसडर्स जर्नल’ (१९६९) ही त्यांची दिल्लीतली रोजनिशी. गोवा मुक्तीचा डिसेंबर १९६१ आणि चीनचे आक्रमण झालेली १९६२ ची शरद ऋतूतली ती भीषण घडी, ही दोन्ही तीत आहेत. गोव्यात बळाचा वापर लांबणीवर पडावा म्हणून त्यांनी खटपट केली, हे मराठी वाचकाला रुचणार नाही. पण उलट चीनच्या संकटात ते भारताचे खरे मित्र ठरले. रोजनिशीत आत्मप्रौढी पुष्कळ आहे आणि ती त्यांना ठाऊकही आहे. एका वृत्तपत्राने आपल्याला गर्विष्ठ का म्हणावे, अशी तक्रार त्यांनी केनेडींकडे केली, तेव्हा बाकीचे सारे तसेच म्हणतात, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ते त्यांनी स्वतःच नोंदविले आहे.

केनेडींना त्यांची पत्रे वाचायला आवडत. त्या पत्रांतून आणि टिपणांतून १९६१–६२ मध्येच व्हिएतनाममध्ये गुंतू नका, असे त्यांनी वारंवार बजावले होते. पत्रे आवडली, सल्ला अंमलात आला नाही. १९६५ साली अमेरिकेचे पायदळ तेथे उतरले आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. याचा सगळा दोष लेखनशैलीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण ज्याचे बोलणे रंजक, त्याचे म्हणणे ऐकून सोडून देणे सोपे जाते, हे खरे. दरबारातल्या विदूषकाला सत्य बोलण्याची मुभा असते. त्याचे ऐकण्याचे बंधन राजावर नसते.

मग हे लेखन वाचावे की नाही? अवश्य वाचावे, आणि ‘दि स्कॉच’ सर्वांत आधी. इतरत्र गालब्रेथ दुसऱ्यांना हसतात. येथे ज्यांच्यातून ते आले त्या माणसांना हसतात, आणि म्हणूनच तेथे टोमण्याची धार बोथट न होताही माया टिकते. अर्थशास्त्र म्हणजे अखेर घरात काय आले, काय गेले आणि शेजारच्याच्या वाट्याला काय आले याचा हिशेब. तो मांडण्याचा अधिकार पंडितांना असला, तरी तो तपासण्याचा अधिकार घरच्यांचा आहे. आपल्या शास्त्राची कवाडे या उंच माणसाने आपल्यासाठी उघडी केली, हे त्याचे ऋण मोठे आहे. आत जाऊन त्याचाच हिशेब ताडून पाहणे, ही ते फेडण्याची रीत.