चौदा कथा आणि एक घंटा

नोकरी लेखकाला मारते, ही आम्हा शाळामास्तरांची जुनी तक्रार. फ्रांझ काफ्काचा ‘खेड्यातला डॉक्टर’ हा चौदा कथांचा संग्रह पुन्हा वाचताना मात्र ती माझ्या ओठांवर आली नाही.

काळ १९१६-१७ च्या हिवाळ्याचा; महायुद्ध चालू होते. काफ्का प्राग शहरी कामगारांच्या अपघात-विम्याच्या कचेरीत दुपारी दोनपर्यंत राबे. बहिणीने, ओट्लाने, किल्ल्यातल्या गल्लीत चिमुकले घर भाड्याने घेतले होते. संध्याकाळी तेथे बसून तो लिही आणि रात्री चालत बिऱ्हाडी परते. संग्रहातील बहुतेक कथा त्याच हिवाळ्यातल्या.

कथा आटोपशीर आहेत. काही तर पानभरच. तरी घाई कोठे जाणवत नाही. शीर्षककथेतला डॉक्टर रात्रीची घंटा ऐकून रोग्याकडे निघतो आणि घरी पोहोचतच नाही. कर्तव्याने असे नाडलेले माणूस रिकामटेकड्याला दिसले असते काय? नोकरीने काफ्काचा वेळ घेतला. पण ही दृष्टीही, मला वाटते, तिनेच दिली.

गेल्या मे महिन्याची सबंध सुटी माझ्या हाती होती. माझ्या संग्रहाची शेवटची कथा तरीही अपुरीच आहे. तेव्हा तर शाळेची घंटा वाजत नव्हती!