निर्वासन आणि मायबोली : बेने इस्रायल साहित्याच्या संदर्भात

पोलंडच्या फाळणीनंतर जन्मलेले कवी आदाम मित्सक्येविच यांनी १८३४ मध्ये पॅरिस येथे ‘पान तादेउश’ प्रसिद्ध केले. गमावलेला देश भाषेत जपणे हा निर्वासित साहित्याचा रूढ निकष होय. रायगड किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजाच्या मराठी साहित्याला तो अपुरा पडतो. नवगावजवळ पूर्वजांचे गलबत फुटले, अशी या समाजाची परंपरा आहे. प्रार्थनेत हा किनारा परदेश राहिला. एकोणिसाव्या शतकातील हिब्रू धर्मकथांवरील मराठी कीर्तनांत मात्र तो घर झाला. १९४८ नंतर बहुसंख्य इस्रायलला गेले. श्रद्धेनुसार हे स्वदेशी परतणे होते. तरीही तेथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले. निर्वासन केवळ भूमीवरून ठरत नाही. म्हणूनच या लेखनाला ‘परदेशस्थ’ ठरवून बाजूस सारल्यास मराठी साहित्येतिहासच अपुरा राहील.