नकाराचा वाच्यार्थ : संवाहकाच्या व्यवसायभाषेची चिकित्सा

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत समलिंगी पुरुष ग्राहकांसाठी चालणारा मसाजचा व्यवसाय आता भ्रमणध्वनीवरील जाहिरातींतून उघडपणे दिसू लागला आहे. या जाहिरातींचा शब्दसंग्रह अगदी तोकडा आहे. ‘फुल बॉडी’, ‘रिलॅक्सेशन’, ‘मेल टू मेल’, ‘फुल सर्व्हिस’ असे मोजके शब्द पुनःपुन्हा येतात. त्यांचा नेमका अर्थ जाहिरात देणारा सांगत नाही आणि वाचणाराही विचारीत नाही. एकाच्या मनात आखडलेल्या पाठीवरचा उपाय असतो, दुसऱ्याच्या मनात शरीरसुखाची अपेक्षा असते, आणि दोघेही तोच शब्द वापरून एका खोलीत येतात. पुढे पैशांवरून वाद, नकोसा स्पर्श, क्वचित धमकी, असे प्रकार घडले की त्यांची चर्चा नीतीच्या किंवा कायद्याच्या अंगाने होते. वस्तुतः या प्रश्नाचे एक मूळ अर्थविचारात आहे. ज्या व्यवहारात नकार हा संमतीचाच एक प्रकार समजला जातो, त्या व्यवहारात खऱ्या नकाराला भाषाच उरत नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

या व्यवहाराचे एक जुने आणि सविस्तर वर्णन वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त सापडते. साम्प्रयोगिक अधिकरणाच्या नवव्या अध्यायात तृतीया प्रकृतीचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक स्त्रीरूपिणी व दुसरी पुरुषरूपिणी. पुरुषरूपिणी आपली इच्छा झाकून ठेवते आणि संवाहकाचा, म्हणजे अंग चेपणाऱ्याचा, व्यवसाय पत्करते. वेषाने पुरुष असलेल्या या व्यक्तीचा निर्देश ग्रंथकार व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगाने करतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्व आहे ते पुढील क्रमाला. अंग चेपताना स्पर्श हळूहळू मांड्यांकडे सरकतो. परिचय वाढला की आणखी पुढे जातो. ग्राहकाच्या शरीरात विकार दिसला की त्याच्या चंचलतेची थट्टा केली जाते. एवढे होऊनही ग्राहक काही बोलला नाही, तर संवाहकाने स्वतःच आरंभ करावा. आणि ग्राहकाने आग्रह केला, तर मात्र वाद घालावा व मोठ्या कष्टाने कबूल व्हावे. पुढे सांगितलेल्या आठ क्रियांपैकी प्रत्येकीनंतर थांबण्याची इच्छा दाखवावी आणि ग्राहकाने पुढच्या क्रियेची मागणी करावी, असाही विधी आहे.

या अध्यायाचा उल्लेख अलीकडे अभिमानाने केला जातो. पुरुषाविषयी वाटणारी पुरुषाची कामना प्राचीन भारतास ठाऊक होती व तिचा विचार शास्त्रग्रंथात झाला, हे सांगण्यास तो निःसंशय उपयोगी आहे. परंतु त्याचे सूक्ष्म वाचन केल्यास एक अडचण पुढे येते. या संपूर्ण क्रमात सरळ अर्थाचे एकही विधान नाही. मौन म्हणजे मुभा, थट्टा म्हणजे आमंत्रण, वाद म्हणजे होकाराची प्रस्तावना आणि ‘थांबू या’ म्हणजे ‘पुढे जाऊ या’. यातील एखाद्या पक्षास खरोखरच थांबावयाचे असेल तर त्याने काय म्हणावे, या प्रश्नाला तेथे उत्तर नाही; कारण थांबण्याचे सर्व शब्द अगोदरच खर्ची पडलेले आहेत. शिवाय शरीराच्या विकारास येथे अनुमतीचे चिन्ह मानले आहे. असा विकार केवळ स्पर्शाने, इच्छा नसतानाही, प्रतिक्षिप्तपणे उत्पन्न होऊ शकतो, हे आजचे शरीरशास्त्र सांगते. म्हणजे ज्या एका चिन्हावर सारी इमारत उभी आहे, ते चिन्हच अविश्वसनीय आहे.

निषेधाच्या रूपाने आमंत्रण देणारे वाक्य भारतीय काव्यविचारास नवे नाही. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त एक स्त्री वाटसरूला सासूची निजण्याची जागा आणि आपली जागा दिवसाउजेडी दाखवून ठेवते, आणि ‘रातांधळ्या, रात्री आमच्या अंथरुणावर पडू नकोस’ अशा आशयाची ताकीद देते. आनंदवर्धनाने ही गाथा ‘ध्वन्यालोका’त उदाहरण म्हणून घेतली आहे : वाच्यार्थ निषेधाचा, व्यंग्यार्थ विधीचा. गाथेचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु हे सौंदर्य कशावर उभे आहे, हेही पाहिले पाहिजे. ती स्त्री आणि तो वाटसरू यांच्यात संकेत समान आहे, आणि तसा तो आहे याची हमी कवी देतो. मसाजच्या खोलीत अशी हमी देणारा कवी नसतो. तेथे दोन अनोळखी माणसे असतात. एक वस्त्रे उतरवून पडलेला, दुसरा पैशासाठी आलेला. काव्यात व्यंजना श्रेष्ठ असेल. व्यवहाराची मदार मात्र अभिधेवरच ठेवावी लागते.

संस्कृत साहित्यातच याच व्यवसायाचे दुसरे चित्र आहे आणि त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील संवाहक हा पाटलिपुत्राचा गृहस्थपुत्र. दुसऱ्या अंकात वसंतसेना त्याच्या सुकुमार कलेची प्रशंसा करते, तेव्हा तो सांगतो की शिकताना ती कला होती, आता ती उपजीविका झाली आहे. चारुदत्ताच्या पदरी त्याने हेच काम केले. चारुदत्त निर्धन झाल्यावर तो जुगारी बनला, पुढे बौद्ध भिक्षू झाला, आणि आठव्या अंकात मरणोन्मुख वसंतसेनेचे प्राण त्यानेच वाचविले. येथे संवाहन हे कौशल्य आहे, मोबदल्याचे काम आहे, आणि त्याबद्दल बोलताना संवाहकास आडवळण घ्यावे लागत नाही. ‘कामसूत्रा’तील संवाहकासाठी व्यवसाय हा पडदा आहे, ‘मृच्छकटिका’तील संवाहकासाठी तो व्यवसायच आहे. आजच्या जाहिरातीतील शब्दाने या दोहोंना एकाच वेषात उभे केले आहे, हा खरा घोटाळा होय.

शब्द असे वेष पालटतात, याचे ठळक उदाहरण याच व्यवसायाने जगाला दिले आहे. दाबणे, चेपणे या अर्थाच्या हिंदी ‘चाँपना’ या धातूपासून इंग्रजीत ‘शॅम्पू’ हा शब्द गेला. १७५९ मध्ये पाटण्यास, म्हणजे त्या नाटकातील संवाहकाच्याच नगरीत, जन्मलेल्या दीन महंमद याने इंग्लंडातील ब्रायटन येथे स्नानगृह चालविले आणि १८२२ मध्ये ‘शॅम्पूइंग’ या उपचारावर पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ अंगमर्दन हाच होता. १८८३ च्या ‘कामसूत्रा’च्या इंग्रजी भाषांतरातही संवाहकासाठी ‘शॅम्पूअर’ हाच शब्द आला. पुढे अर्थ सरकला आणि शब्द केस धुण्यापुरता उरला. इकडे ‘चंपी’ डोक्यावर स्थिरावली. १९५७ च्या ‘प्यासा’ चित्रपटातील जॉनी वॉकरने रंगविलेल्या मालिशवाल्याने तिला विनोदाचे व प्रतिष्ठेचे स्थान दिले. ‘मालिश’ या शब्दाला मात्र शहरी समलिंगी पुरुषांच्या बोलीत एक दुसरा, अर्ध्या आवाजातला अर्थ चिकटला, आणि ‘मसाज’ने तोच वारसा चालविला.

हा अर्ध्या आवाजातला अर्थ निर्माण होण्यास सबळ कारण होते, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने पुरुषा-पुरुषांतील संबंध गुन्हा ठरविला होता. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या खाजगी व संमतीच्या संबंधांपुरते ते कलम दूर केले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायाधीशांच्या पीठाने अशा संबंधांना गुन्ह्यातून वगळले. तोपर्यंत स्पष्ट बोलणे म्हणजे विरोधकाच्या हाती पुरावा देणे होते. संदिग्धता हे दुर्बळाचे चिलखत होते. पण याच चिलखताने खंडणीखोराचेही रक्षण केले. काय ठरले होते ते कोणीच उच्चारलेले नसल्यामुळे ऐन वेळी दर वाढविता येत होता, आणि बदनामीच्या भीतीने ग्राहक गप्प बसत होता. मालिशवाल्याची स्थितीही वेगळी नव्हती. ‘हे ठरले नव्हते’ असे म्हणणाऱ्याला ‘मग आलास कशाला’ हे उत्तर तयार असे.

२०१८ नंतरही संदिग्धतेचे समर्थक आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. १९५६ चा, १९८६ मध्ये सुधारलेला, अनैतिक व्यापारविरोधी कायदा अद्याप लागू आहे. कुंटणखाना चालविणे व सार्वजनिक जागी गिऱ्हाइकास बोलाविणे हे त्याखाली गुन्हे आहेत. तेव्हा स्पष्ट बोलणे आजही धोक्याचे ठरेल, असे ते म्हणतात. येथे एक भेद करणे अवश्य आहे. ‘अमुक मिळेल’ हे विधान धोक्याचे असू शकते. ‘अमुक मिळणार नाही’ हे विधान केल्याने कोणताही गुन्हा घडत नाही. मर्यादा सांगणारी वाक्ये स्वभावतः नकारार्थी असतात आणि म्हणून ती निर्धास्तपणे बोलता येतात. तरीही जाहिरातींत नेमकी तीच गाळली जातात. कारण सेवा देणाऱ्यास ग्राहक गमावण्याची भीती असते, आणि ग्राहकास आशा गमावण्याची.

घोटाळ्याचे आणखी एक कारण समासात दडलेले आहे. ‘गे मसाज’ या जोडशब्दाचा विग्रह दोन प्रकारे होतो. ‘गे पुरुषांसाठी मसाज’ असा केला तर तो चतुर्थी तत्पुरुष. ‘गे असा मसाज’ असा केला तर कर्मधारय. पहिल्या विग्रहात विशेष आहे तो ग्राहकाचा : येथे त्याच्याकडे कुत्सितपणे पाहिले जाणार नाही, जोडीदाराविषयी बोलताना त्याला सर्वनाम बदलावे लागणार नाही, एवढेच आश्वासन त्यात आहे. दुसऱ्या विग्रहात स्पर्शाचेच स्वरूप बदलते. समलिंगी पुरुष मसाजला आला म्हणजे तो दुसऱ्याच अर्थाने आला, हा समज या दोन विग्रहांच्या सरमिसळीतून उद्भवतो. त्याची झळ दोघांनाही पोहोचते : मानेच्या दुखण्यासाठी आलेल्या ग्राहकाला, आणि केवळ मसाजचे शिक्षण घेऊन या ग्राहकवर्गाची सेवा करू इच्छिणाऱ्या कारागिराला.

स्पष्ट मर्यादेची भाषा रुक्ष असते, हे खरे. ‘साठ मिनिटे, रक्कम आधी ठरलेली, मध्येच वाढणार नाही, अंतर्वस्त्र राहील, लैंगिक स्पर्श केला जाणार नाही व करू दिला जाणार नाही, शरीरात विकार झाल्यास त्याचा काही अर्थ लावला जाणार नाही, कोणीही थांबा म्हटले की काम थांबेल.’ या उपवाक्यांत अलंकार नाही, ध्वनी नाही. परंतु त्यांतील शेवटचे उपवाक्य ‘कामसूत्रा’तील विधीचे थेट खंडन करते : तेथे ‘थांबा’ हा पुढच्या पायरीचा दरवाजा होता, येथे तो शेवटचा शब्द आहे. ज्या दोन प्रौढांना शरीरसुखच हवे असेल, त्यांच्याविषयी येथे निवाडा करावयाचा नाही; त्यांनाही आपली इच्छा वाच्यार्थाने बोलता यावी, एवढीच अपेक्षा करता येईल. कारण जेथे होकार मोकळेपणे उच्चारता येतो, तेथेच नकाराला पुन्हा त्याचा मूळ अर्थ प्राप्त होतो.