चुंबकीय आकारस्मृती मिश्रधातू : यमलन व प्रतिबल यांची चिकित्सा

चुंबकीय आकारस्मृती मिश्रधातूंविषयीच्या लेखनात विकृतीच्या टक्केवारीला अवास्तव महत्त्व दिले जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९९६ मध्ये उल्लाक्को व सहकाऱ्यांनी निकेल-मँगनीज-गॅलियमच्या एकस्फटिकात चुंबकीय क्षेत्राने सुमारे ०.२ टक्के विकृती घडवून दाखविली. २००० मध्ये हा आकडा ६ वर आणि २००२ मध्ये सोझिनोव्ह प्रभृतींच्या प्रयोगात ९.५ वर गेला. परंतु ही विकृती किती प्रतिबलाखाली मिळाली, हे सांगितल्याखेरीज या चढत्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

‘स्मृती’ हा शब्दही येथे दिशाभूल करतो. तेजस विमानाच्या द्रवनलिकांसाठी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या निकेल-टायटॅनियमच्या जोडनळ्या उष्णतेने पूर्वाकाराकडे जातात; तेथे प्रावस्थाच बदलते. चुंबकीय प्रकारात मार्टेन्साइट प्रावस्था तीच राहते. ज्या जुळ्या पट्ट्यांचा सुलभ चुंबकन-अक्ष क्षेत्राच्या दिशेस असतो, त्या शेजारच्या पट्ट्यांना ग्रासून वाढतात. म्हणजेच यमल-सीमा सरकते. क्षेत्र काढून घेतल्यावर स्फटिक आपण होऊन पूर्ववत होत नाही. त्यासाठी आडवे क्षेत्र किंवा स्प्रिंगचा दाब लागतो. ज्याला दर वेळी आठवण करून द्यावी लागते, त्याच्या स्मृतीचे कौतुक बेतानेच करावे!

क्षेत्राचे बळही अमर्याद नाही. या मिश्रधातूची चुंबकीय विषमदिकता-ऊर्जा दर घनमीटरला सुमारे १.७ लाख जूल आहे. तिला ०.०६ या विकृतीने भागल्यास चुंबकीय प्रतिबलाची कमाल मर्यादा मिळते : सुमारे २.८ मेगापास्कल. चुंबकन संपृक्त झाल्यावर क्षेत्र कितीही वाढविले तरी ती ओलांडता येत नाही. बाह्य दाब आणि सीमेचा स्वतःचा विरोध यांची बेरीज या मर्यादेच्या आत असेल तरच सीमा हलते, एरवी ९.५ काय नि ६ काय, स्फटिक जागचा हलत नाही.

खरा प्रश्न म्हणून सीमेच्या विरोधाचा आहे. पाच-स्तरी मार्टेन्साइटमध्ये पहिल्या प्रकारच्या यमल-सीमेस हलविण्यास सामान्य तापमानास सुमारे १ मेगापास्कल प्रतिबल लागते व थंड केल्यास ते वाढते. दुसऱ्या प्रकारच्या सीमेस साधारण त्याचा दहावा हिस्सा पुरतो आणि तापमानाचा परिणाम नगण्य असतो. मिश्रधातू तीच, घटकांचे प्रमाण तेच, तरीही कार्यक्षमता निराळी! हा भेद २०११ च्या सुमारास स्पष्ट झाला. त्यापूर्वीच्या बहुतेक निबंधांत सीमेचा प्रकार नोंदलेला नसल्याने त्यांतील आकडे परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत.