हाब्सबर्गांचा ओठ

दगडमातीत, पाण्यात, हवेत जी मूलद्रव्ये आहेत, त्यांचेच आपले शरीर बनलेले आहे. जिवंतपणाचे असे खास मूलद्रव्य आवर्तसारणीत कुठेच नाही. मग सजीव वेगळा ठरतो तो कशाने? भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांनी फेब्रुवारी १९४३मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात या प्रश्नावर व्याख्याने दिली. त्यांचे 'व्हॉट इज लाइफ?' हे छोटेखानी पुस्तक १९४४ साली निघाले. त्याची मांडणी मला एखाद्या चांगल्या कथेइतकी बांधेसूद वाटते.

अणू इतके लहान का, असे लेखक आरंभी विचारतो आणि लगेच प्रश्न उलटवतो: अणूंच्या मानाने आपण इतके मोठे का? सुटा अणू उष्णतेने सैरभैर असतो. नियम दिसतो तो असंख्य अणूंच्या सरासरीत. हे पटते न पटते तोच तो जनुक समोर ठेवतो. मोजक्या अणूंचा हा पुंजका, तरी शिस्त अभंग. आणि इथे येतो हाब्सबर्ग राजघराण्याचा खालचा ओठ! सोळाव्या शतकातल्या चित्रात दिसणारी त्याची विशिष्ट ठेवण एकोणिसाव्या शतकातल्या वंशजाच्या चेहऱ्यावरही आहे. शतकानुशतके ९८ अंश फॅरनहाइटच्या उबेत राहूनही तो पुंजका विस्कटला कसा नाही? लेखक स्वतः हाब्सबर्गांच्या व्हिएन्नाचा. उदाहरण त्याला घरचेच.

उत्तर आहे 'अनावर्ती स्फटिक'. मिठाच्या खड्यात सोडियम-क्लोरीनची तीच रचना पुन्हापुन्हा येते. जनुकात मात्र प्रत्येक अणुगटाचे काम निराळे. छापील नक्षीचा भिंतीचा कागद आणि राफाएलचा विणलेला भित्तिपट यांत जो फरक, तोच इथे, असे तो सांगतो. जनुक बहुधा प्रथिनाचे असावे, हा त्याचा तर्क चुकला. रचनेची कल्पना टिकली. १९५३मध्ये डीएनएची रचना उलगडल्यावर ती उलगडणाऱ्यांपैकी फ्रान्सिस क्रिक यांनी आपले निबंध त्याला आवर्जून पाठवले.

'ऋण एन्ट्रॉपी'चे (एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्थेचे माप) प्रकरण अधिक गाजले. माझ्या मते ते तितके रेखीव नाही. सजीव अन्नातून सुव्यवस्था शोषून घेतो, या विधानावर पदार्थवैज्ञानिकांनी आक्षेप घेतले, तेव्हा त्याने प्रकरणाला टीप जोडली. ती वाचावीच. शरीर सतत उष्णता बाहेर टाकते आणि जगताना साचणारी अव्यवस्था त्याच वाटेने निघून जाते. उष्ण रक्ताच्या प्राण्यांना हे काम अधिक वेगाने जमते, म्हणून त्यांचे जगणेही अधिक धगधगीत असावे, असे तो सुचवतो.