चलत्-आलेखनातील वळणदार रेघ : देवनागरी अक्षरलेखनाच्या संदर्भात तंत्रनिवडीची चिकित्सा

मीरा रोड येथील सिल्व्हर पार्क परिसरातील एका लग्नसमारंभात पडद्यावर 'सोहळा' हा शब्द आपोआप लिहिला जाताना प्रस्तुत लेखकाने पाहिला. अक्षरे सुबक होती. परंतु प्रत्येक अक्षराच्या कडेकडेने एक रेघ धावत गेली आणि मग आतील भाग एकदम रंगला. ते लेखन नव्हते, कुंपण घालणे होते. हा दोष करणाऱ्याच्या हाताचा नसून तंत्रनिवडीचा आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

'आफ्टर इफेक्ट्स'मध्ये मजकुरापासून आकार तयार केले असता हाती येते ती अक्षराची बाह्यरेषा. लिहिणारा हात ज्या वाटेने फिरतो ती मध्यरेषा नव्हे. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६-२००८) यांनी घडविलेल्या 'मंगल'सारख्या टंकातही अक्षराचे रूप असते, लेखनाचा क्रम नसतो. २००७ साली शेप लेयरबरोबर आलेली 'ट्रिम पाथ्स' ही सोय आरंभ व शेवट या दोन मूल्यांवर रेघ उलगडते. नकाशातील मार्ग किंवा एकसारख्या जाडीची नक्षी यांकरिता ती पुरेशी आहे. परंतु देवनागरीचे वळण बोरूच्या तिरप्या छाटलेल्या टोकातून आलेले. तेथे जाडी ठरते ती रेघेच्या दिशेवरून. २०२० मध्ये मिळालेली 'टेपर' ही सोय रेघेची टोके निमुळती करते, म्हणजे जाडी लांबीवरून ठरवते. तिने बोरूचा भास होतो, बोरू साधत नाही.

म्हणून मूळ अक्षर तसेच ठेवून, मध्यरेषेवरून फिरणारी रुंद रेघ मॅट म्हणून वापरणे व तिच्यामागून अक्षर उघडत नेणे हाच मार्ग प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटतो. त्यातही 'ळ' अडवतो. एका वाटोळ्यावरून जाणारी रुंद रेघ शेजारच्या वाटोळ्याचा तुकडा वेळेआधीच उघडा करते. अशा ठिकाणी अक्षर मधोमध तोडून प्रत्येक भागास स्वतंत्र मॅट द्यावा लागतो. काम वाढते; आणि संध्याकाळपर्यंत चित्रफीत हवी असणारे गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देत नाही, हेही खरे.

मुख्य प्रश्न मात्र क्रमाचा आहे. बाळबोधीत आपण अक्षरे लिहून मग वर शिरोरेषा ओढतो. पहिलीतल्या मुलाचा हातही असाच चालतो. मोडीत याउलट रेघ आधी आखलेली असते व अक्षरे तिच्याखाली धावतात. मोडी दस्तऐवजाच्या चलत्-चित्रात प्रथम आडवी रेघ आली तर ते यथार्थच होय. बाळबोध शब्दात तसे केले, किंवा उपरोक्त चित्रफितीप्रमाणे प्रत्येक अक्षराने शिरोरेषेचा आपापला तुकडा सोबत आणला, तर मराठी वाचणारा डोळा अडखळतो. कारण सांगता आले नाही तरी अडखळतो. की-फ्रेमची जागा ठरविण्यापूर्वी तो शब्द एकदा कागदावर लिहून रेघांना क्रमांक द्यावेत. 'सोहळा'पुरते बोलावयाचे तर सलग शिरोरेषेचा क्रमांक अक्षरे व काने झाल्यावर आणि 'सो'वरील मात्रेच्या आधी येतो.