घोषणेतील अनिर्दिष्ट कर्ता

अरब देशांतील २०११ सालच्या उठावांविषयी एक विधान वारंवार ऐकावयास मिळते. या देशांची भाषा एक, म्हणून ट्युनिसियातील असंतोष कैरो, मनामा, बेनगाझी, सना आणि दरआ येथे इतक्या वेगाने पोहोचला, असे ते विधान आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु भाषा एक आणि घोषणाही एक असताना परिणाम इतके भिन्न का झाले, हा प्रश्न त्याने सुटत नाही. घोषणेकडे केवळ नाद म्हणून न पाहता वाक्य म्हणून पाहिले, तर या प्रश्नाची निदान मांडणी तरी नीट करता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

घोषणा अशी : 'अश्शअब युरीद इस्कात अन्‌निजाम'. ही बोली नव्हे, प्रमाण अरबी आहे. ट्युनिसियाचा मजूर आणि येमेनचा विद्यार्थी आपापल्या बोलीत बोलू लागले तर एकमेकांना सहज समजतील असे नाही. या चार शब्दांना मात्र सरहद्द आड आली नाही. गंमत अशी की लोक प्रमाण भाषेकडे वळत असताना राज्यकर्ता बोलीकडे वळला. १३ जानेवारी २०११ रोजी बेन अली यांनी आपल्या अखेरच्या भाषणात एरवीची प्रमाण अरबी सोडून ट्युनिसी बोलीत 'मला तुमचे म्हणणे समजले' असे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देश सोडला.

घोषणेच्या पूर्वार्धामागे अबुल कासिम अश्‌शाब्बी (१९०९–१९३४) या ट्युनिसी कवीची 'इरादत अल्‌हयात' ही कविता आहे, हे सर्वमान्य आहे. 'युरीद' हे क्रियापद आपल्या 'इरादा' या शब्दाचे सगोत्र. कवितेत मात्र लोकांच्या इच्छेचे कर्म 'जीवन' आहे. घोषणेने कर्ता व क्रियापद ठेवले आणि कर्म बदलले. 'निजाम' हा शब्द मराठी वाचकास, विशेषतः मराठवाड्यातील वाचकास, निराळा ऐकू येईल. हैदराबादमुळे तो आपल्याकडे एका घराण्याची पदवी म्हणून रुळला. धातूचा अर्थ ओवणे, रचणे. पद्यास 'नज्म' म्हणतात ते त्यामुळेच. अरबी घोषणेत तो व्यवस्था आहे, व्यक्ती नव्हे. म्हणूनच लेबननमध्ये त्याला 'पंथाधिष्ठित' असे विशेषण जोडावे लागले, आणि जॉर्डनमध्ये 'इस्कात' काढून तेथे 'इस्लाह', म्हणजे सुधारणा, हा शब्द घालण्यात आला.

परंतु खरी मेख 'इस्कात' या शब्दात आहे. 'पडणे' या अर्थाच्या मूळ धातूपासून 'पाडणे' असा प्रयोजक धातू होतो, आणि त्याचे हे धातुसाधित नाम. पाडणे म्हटले की पाडणारा आला. अरबी वाक्यात तो सांगितलेला नाही. इच्छा करणारे लोक आहेत. पाडणारे तेच आहेत की दुसरे कोणी, हे प्रसंगावरून ठरवावयाचे. मी कित्येक वर्षे वर्गात या घोषणेचे 'लोकांना राजवट पाडायची आहे' असे भाषांतर देत आलो. एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, पाडायची कोणी, हे मूळ वाक्यात कोठे आहे?' तिचे बरोबर होते. मराठीतील 'पाडायची आहे' हे रूप इच्छा करणारा आणि पाडणारा यांना एक करून टाकते. 'लोकांना राजवटीचे पतन हवे आहे' असे म्हणावे तर पाडणाऱ्याची जागाच उरत नाही. मुळात जागा आहे, पण ती रिकामी आहे. ही अवस्था मराठीत आणणे मला साधलेले नाही.

या रिकाम्या जागेत कोण येऊन बसले, हे प्रत्येक देशात पाहण्यासारखे आहे. इजिप्तमध्ये 'सैन्य आणि लोक एकच हात' ही दुसरी घोषणा लगेच जोडली गेली आणि जागा भरली गेली. ११ फेब्रुवारी २०११ रोजी मुबारक गेले ते सत्ता सेनापतींच्या मंडळाकडे सोपवून. ३ जुलै २०१३ रोजी निर्वाचित अध्यक्षांनाही त्याच सैन्याने दूर केले. बहरीनमध्ये १४ मार्च २०११ रोजी सौदी सेना पूल ओलांडून आली आणि वाक्य पुरेच होऊ दिले नाही. चार दिवसांनी आंदोलकांच्या चौकातील मोत्याचे स्मारकही पाडण्यात आले. पाडणे झाले ते एवढेच.

लिबियात ही जागा परकीय विमानांनी घेतली. १२ मार्चला अरब लीगने लिबियाचे आकाश विमानांना बंद करावे अशी मागणी केली, १७ मार्चला सुरक्षा समितीचा १९७३ क्रमांकाचा ठराव झाला, आणि २० ऑक्टोबर २०११ रोजी गद्दाफी मारले गेले. त्यानंतरचा परिणाम भाषेच्या वाटेने गेला नाही. गद्दाफींच्या सैन्यात असलेले तुआरेग योद्धे शस्त्रांसह उत्तर मालीत परतले. जानेवारी २०१२ मध्ये तेथे बंड झाले, मार्चमध्ये बामाको येथे सैन्याने सत्ता घेतली, आणि ६ एप्रिल रोजी बंडखोरांनी 'अझवाद' हे स्वतंत्र राष्ट्र घोषित केले. तुआरेगांची मातृभाषा अरबी नव्हे. 'अरब वसंत' या नावाने ज्यांनी आपला नकाशा आखला त्यांच्या नकाशात माली बसतच नाही. आणि लिबियातील उठावाचा शेजारावर झालेला सर्वांत मोठा आघात तर तेथेच दिसतो. भाषेवरून प्रदेश ठरविण्याची सवय आम्हा भाषाशास्त्रज्ञांनाच अधिक, हेही कबूल केले पाहिजे.

सीरियात, दरआ येथे शाळकरी मुलांनी ही घोषणा भिंतीवर लिहिली म्हणून त्यांना अटक झाली, आणि मार्च २०११ मध्ये लोक रस्त्यावर आले. तेथे रिकाम्या जागेवर हक्क सांगणारे अनेक निघाले. राजवट सावरून धरण्यासाठी इराण, हिजबुल्ला आणि २०१५ पासून रशियाची विमाने आली. लक्षावधी माणसे तुर्कस्तान, लेबनन व जॉर्डनमध्ये गेली. असद यांची राजवट पडली ती ८ डिसेंबर २०२४ रोजी, इदलिबमधून निघालेल्या सशस्त्र संघटनांच्या हातून. घोषणा लिहिली गेल्यास तेव्हा तेरा वर्षे होऊन गेली होती.

व्याकरणामुळे हे घडले असे म्हणण्याचा वेडेपणा कोणी करू नये. सैन्य कोणाचे, तेल कोठे, शेजारी कोण, यांवरच निकाल लागला. घोषणा निर्दोष कर्तरी वाक्यात बांधली असती तरी मनामाचा पूल तेथेच होता. तथापि 'लोकांनी हुकूमशहा पाडला' असे आपण जे सहज लिहितो, ते विधान मूळ घोषणेनेही केलेले नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

पुढे डिसेंबर २०१८ मध्ये सुदानमध्ये उठाव झाला. तेथील घोषणा बोलीतील आणि दोनच शब्दांची होती : 'तस्कुत बस'. येथे प्रयोजक धातू नाही, मूळ अकर्मक धातूच आहे. 'पडू दे, बस्स'. पाडणाऱ्याला यात जागाच नाही. ६ एप्रिल २०१९ पासून लोक खार्टुममध्ये सेनाकचेरीपुढे ठाण मांडून बसले. ११ एप्रिलला सैन्याने उमर अल्‌बशीर यांना दूर केले आणि ३ जूनला त्याच जागी बसलेल्या लोकांवर गोळीबार झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सेनापतींनी सत्ता पुन्हा आपल्याकडे घेतली. १५ एप्रिल २०२३ रोजी सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, आणि खार्टुममधून निघालेली माणसे चाड, इजिप्त व दक्षिण सुदानच्या सीमांवर जाऊन उभी राहिली.